मोहाखालची आग आणि साडेसहाची बस

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी आठ वाजता, आमच्या म्हाताऱ्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मशीनवर घेतात. त्याच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत. गडचिरोलीच्या एका दवाखान्यात रक्त धुवायची मशीन आहे, तिच्यावर चार तास पडून राहावं लागतं. आठला पोचलो नाही तर पुढच्या माणसाला घेतात, आणि मग दिवसभरात कधी जागा झाली तर आपली. यात दवाखान्याचा दोष काढण्यासारखं काही नाही. मशिनी थोड्या आणि माणसं जास्त. त्या सिस्टरच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

आमचं गाव मूलहून गडचिरोलीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. एका बाजूला धानाच्या बांध्या आणि बाकी जंगल. फाट्यावरून आमच्या सोयीची पहिली एसटी जाते ती आठनंतर. त्याआधी काळीपिवळी जीप असते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि चौदा माणसं कोंबली की मगच ती भरली असं जीपवाला मानतो. म्हाताऱ्याचे पाय सुजलेले. गुडघे दुमडत नाहीत. डिझेलचा वास नाकात गेला की त्याला उलटी होते. जाताना एकदा आणि मशीनवरून उतरून येताना दोनदा, हे ठरलेलं. मी पिशवीत त्याचे कागद, टॉवेल आणि एक प्लास्टिकचा डबा घेऊन शेजारी बसायची. आठला पोचायचं म्हणून पहाटेच फाट्यावर जाऊन उभं राहायचं आणि चौदावा माणूस कधी येतो त्याची वाट पाहायची. दीड वर्ष आम्ही असेच गेलो.

कंपनीचे लोक गावात आले तेव्हा धानाची कापणी चालू होती. फाट्याजवळ रस्त्याला लागून जो पडीक तुकडा आहे, तिथं त्यांना पंप टाकायचा होता. पेट्रोलचा नव्हे, हायड्रोजन नावाच्या गॅसचा. ग्रामसभेत एका साहेबानं समजावून सांगितलं. हा गॅस पाण्यापासून करता येतो. त्याच्यावर गाडी चालते, धूर निघत नाही, मागच्या नळीतून नुसतं पाणी गळतं. मूलच्या राइस मिलमधून तांदूळ नेणारे काही ट्रक या गॅसवर चालवून पाहायचे आहेत. त्यासोबत गावकऱ्यांसाठी एक बस राहील, ती आमच्या पंपावरून गडचिरोलीला जाईल आणि परत येईल. पुढे तो हवेबद्दल आणि सगळ्या जगाबद्दल बराच वेळ बोलला.

मी उठून विचारलं, "बस सकाळी किती वाजता निघन?"

"मावशी, या बसचं प्रदूषण शून्य आहे."

"ते समजलं. किती वाजता?"

"वेळापत्रकाचं काम अजून चालू आहे."

"साहेब, साडेसहाले निघाली तं माह्या कामाची. आठले निघाली तं तुमची तुमालेच राहू द्या."

लोक हसले. साहेबानं वहीत काहीतरी लिहिलं. साडेसहाच लिहिलं असावं, कारण बस सुरू झाली तेव्हा ती साडेसहालाच निघत होती. एवढ्यापुरती मी त्या साहेबाला मानते.

थंडी संपायच्या आत पंप उभा झाला. उंच जाळीचं कुंपण, आत पांढऱ्या मशिनी, आणि लांब लांब नळकांड्या लादलेला एक ट्रेलर. पाण्यापासून गॅस करतात असं सांगितलं होतं, पण आमच्याकडे कोणी तो करत नव्हतं. दूरच्या कारखान्यातून भरून आणायचे. पंपावर एक माणूस कायमचा होता, वर्ध्याकडचा, तिशी ओलांडलेला. तो तिथंच लोखंडी खोलीत राहायचा. बसचा ड्रायव्हर मूलचा, मुसलमान, आधी कित्येक वर्षं ट्रकवर काढलेला. मी त्याला भाऊ म्हणायची आणि तो मला बाई.

बसबद्दल मी खोटं लिहिणार नाही. बस चांगली होती. आवाज नाही, धक्के नाहीत, वास तर अजिबातच नाही. पहिल्या मंगळवारी म्हातारा खिडकीशी बसला आणि गडचिरोली येईपर्यंत मी डबा मांडीवर धरून होते. डबा कोरडाच राहिला. परतीलाही कोरडा. दोन-तीन खेपांनंतर मी तो घरीच ठेवायला लागले. म्हातारा तर जावयाच्या ऐटीत बसायला लागला. खाली उतरला की मागच्या नळीपाशी जाऊन उभा राहायचा आणि थेंब थेंब गळणारं पाणी पाहायचा. त्याला डॉक्टरनं पाणी मोजून दिलेलं आहे.

"भाऊ," तो एकदा ड्रायव्हरला म्हणाला, "मले दिवसाले दीड लोटा पानी. आन् तुही बस रस्त्याले पाजून राह्यली."

"तुमीबी गॅसवर चाला ना बावाजी, मंग गळू द्या किती गळते ते."

"मी गॅसवरच हाव. इचार तिले."

त्या दिवसांत म्हातारा बरा बोलायचा, एवढं खरं.

मग शिमगा आला आणि मोह गळायचे दिवस आले.

आमच्याकडे मोहाच्या दिवसांत काय करतात ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. फूल पहाटेपासून गळतं, उन्हं चढेपर्यंत; ते वेचून, वाळवून विकायचं. झाडाखाली वर्षभराचा पालापाचोळा पडलेला असतो, त्यात पडलेलं फूल शोधत बसलं तर दिवस जातो. म्हणून गळती सुरू व्हायच्या आधी, आणि पुन्हा साचला की मधूनमधून, झाडाखालचा पाला पेटवून देतात. जमीन काळी होते, तिच्यावर पिवळं फूल लांबून दिसतं, आणि टोपली लवकर भरते. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. कुठं कागद नाही, पण कोणाचं झाड कोणतं हे सगळ्यांना माहीत आहे आणि दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी हात लावत नाही. जंगलखातं दर वर्षी सांगतं की आग लावू नका. आम्ही दर वर्षी लावतो.

मी पण लावली. सोमवारी दुपारी माझ्या दोन मोहांखाली काडी टाकली, खराटा घेऊन कडेनं उभी राहिले, आग बाहेर जाऊ दिली नाही. तासाभरात काम झालं. चाळीस वर्षं हेच करत आले. घरी येऊन भाकरी टाकल्या.

मंगळवारी साडेसहाला फाट्यावर गेलो तर बस पंपाच्या दारातच उभी आणि ड्रायव्हर पायरीवर बसून चहा पीत होता.

"भाऊ, काऊन बसला?"

"टाकी खाली आहे, बाई. काल दुपारी पंप बंद पडला. मी संध्याकाळी आलो तं गॅसच नाई भेटला."

"कायनं बंद पडला?"

"कोनं तरी आग लावली तिकडं. मशीननं आग पाह्यली आन् सोताले बंद करून घेतलं."

"कुठी लावली?"

त्यानं कप धरलेलाच हात पुढे केला. कुंपणापलीकडे पन्नास-साठ पावलांवर दोन मोह उभे होते आणि त्यांच्याखाली जमीन काळीभोर होती.

म्हातारा म्हणाला, "ते तं आपलेच मोहे होत."

"माहीत आहे," मी म्हणाले.

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं, मग कपात पाहिलं. "म्हंजे मी सकाळपासून शिव्या देऊन राह्यलो त्या तुमालेच लागल्या," तो म्हणाला.

जीपनं गेलो. पावणेनऊ झाले. दुसरा माणूस मशीनवर होता. दुपारी दोनला म्हाताऱ्याचा नंबर लागला आणि घरी यायला अंधार झाला. डबा घरीच राहिला होता, टॉवेलवर भागवलं.

दुसऱ्या दिवशी मी पंपावर जाऊन त्या वर्ध्याकडच्या माणसाला विचारलं की माझ्या पाल्याची आग तुझ्या मशीनला कशी लागली. तो चांगला माणूस होता, विचारलं की सांगायचा. त्यानं मला जाळीबाहेर उभं करून खांबावरच्या चार डब्या दाखवल्या. हा गॅस जळायला लागला तर दिवसा त्याची ज्योत माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. धूर नाही, रंग नाही. म्हणून हे चार डोळे बसवले आहेत. त्यांना दिसते. त्यातल्या एकाची नजर जाळीपलीकडे मोहांवर पडते. पाला जळतो की गॅस जळतो हे त्याला कळत नाही. आग दिसली की तो सगळं बंद करतो.

"मंग चालू कर ना."

"मावशी, चालू करायचा अधिकार माझ्याकडे नाही. नागपूरहून इंजिनिअर येतो, सगळं तपासतो, सही करतो, मग चालू. दोन दिवस धरा."

त्याच्या खोलीच्या दाराशी लांब काठीला बांधलेला गवताचा झाडू टेकवलेला होता. झाडायचा असता तर एवढी लांब काठी कशाला, म्हणून विचारलं. तो जरा लाजला. म्हणाला, खांबावरचे हे डोळे बंद असताना आत जायची वेळ आली तर हा पुढे धरून चालायचं. अंगाच्या आधी झाडू पेटतो, मग कळतं की इथं आग आहे. त्याच्या जुन्या उस्तादानं शिकवलेलं. त्या सगळ्या पंपातली मला कळलेली वस्तू ती एकच.

"तो डोळा जरा इकडं फिरव," मी म्हटलं.

"फिरवला तर नोकरी जाईल. आणि खरी आग लागली तर मी जाईन."

"मंग मधात पत्र्याची भिंत घाल."

हे त्याला पटलं. त्यानं माझ्यासमोर वर लिहून पाठवलं. उत्तर आलं की भिंतीमुळे गॅस कोंडतो, म्हणून भिंत घालायची की नाही हे पाहायला एक समिती येईल. समिती आली नाही. त्याऐवजी कुंपणावर दोन मोठ्या पाट्या आल्या, एक इंग्रजी, एक हिंदी, वर पेटलेली काडी आणि तिच्यावर लाल रेघ. मी चौथी शिकले आहे, हिंदी पाटी अडखळत वाचली. पाटीजवळ आग लावू नका एवढंच तिच्यावर होतं. पाटीजवळ कोणीच लावत नव्हतं.

त्या डोळ्याला नक्की किती दिसतं ते आम्ही दोघांनी मोजलं. तो खांबापाशी उभा राहिला, मी झाडाझाडाशी जाऊन हात वर करायची आणि तो "दिसते" किंवा "नाही" असं ओरडायचा. अकरा मोह निघाले. दोन माझे, तीन माझ्या जावेचे, बाकी चार घरांचे. एवढी अकरा झाडं सोडून उभ्या जंगलात कुठंही आग लावा, बस चालेल. मला वाटलं, हे तर सोपं आहे.

जाऊ अंगणात टोपली विणत बसली होती. मी सगळं सांगितलं.

"माह्या मोहाखाली आग नाई लावू तं काय रांगोळी काढू?"

"झाडून घे."

"तू झाडलं का चाळीस वर्सात कधी?"

"नाई."

"मंग?"

विणता विणता तीच पुढं म्हणाली, "आन् पाल्यात वाघ बसला तं दिसते का? जाळलं का दूरलोक मोकळं दिसते. तुह्या बसले वाघ खात नाई, मले खाते."

ती काही खोटं बोलत नव्हती. आमच्या भागात मोह वेचायला वाकलेल्या बाईला वाघानं नेल्याचं दर वर्षी कुठून ना कुठून ऐकू येतं. तरी मला राग आला. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा जास्त राग येतो. बाकीच्या चार घरांनी तर मान हलवली, हो म्हणाले, आणि जमेल तेव्हा काडी टाकली.

पुढच्या पंधरा-वीस दिवसांत पंप तीन वेळा बंद पडला. दर वेळी नागपूरचा इंजिनिअर दोन दिवसांनी, एकदा तर चौथ्या दिवशी. तो यायचा, डब्या पुसायचा, कागदावर सही करायचा, आमच्याकडे न पाहता जायचा. तांदूळ तोवर डिझेलच्या ट्रकनं जायचा. बस उभी राहायची. मी पुन्हा फाट्यावर चौदावा माणूस मोजायला लागले. एका शुक्रवारी नऊला पोचलो आणि दिवसभर बसूनही जागा झाली नाही. शनिवारी म्हाताऱ्याला श्वास घेता येईना. अंगात पाणी साचतं, ते छातीत चढतं. आडवं होता येत नाही, भिंतीला टेकून बसून राहायचं आणि तोंड उघडं ठेवायचं. शेजाऱ्याच्या गाडीत घालून नेला. दवाखान्यानं तातडीनं मशीनवर घेतला म्हणून वाचला.

तो शुद्धीवर नीट आला तेव्हा पहिलं वाक्य बोलला, "बस आली का?"

"नाई," मी म्हटलं.

त्यानंतर कंपनीनं गावात बैठक घेतली. तोच साहेब आणि सोबत आणखी एक. त्यांनी सुचवलं की अकरा झाडांचा प्रश्न आहे, परवानगी काढून ती अकरा झाडं काढता येतील, बदल्यात कंपनी कुठंतरी शंभर रोपं लावील.

सभेत आधी कोणाला समजलंच नाही. समजलं तेव्हा सगळे एकदम बोलायला लागले. आमच्या गावात निम्मी घरं गोंडांची आहेत. त्यांच्यातला एक म्हातारा सहसा बोलत नाही, तो उभा राहिला. "आमच्या घरी मोहाचं पहिलं फूल देवाले दाखवल्याबिगर कोनी तोंडात घालत नाई," तो म्हणाला. "आन् तुमी बुडापासून काढता म्हनता." तो खाली बसला.

मग मी उठले.

"साहेब, तुमी थंडीत आले. तवा मोहाले फूल नोतं. फागुनात इथी काय करता, असं एका बाईले तरी इचारलं काय?"

"सर्व्हे केला होता, मावशी."

"कोनाचा?"

"जमिनीचा."

"जमीन मोहा वेचते काय?"

लोक हसले, पण मला हसू आलं नाही, म्हणून मी गावाकडे वळले. "आन् तुमी. झाड तोडू देत नाई, बेस केलं. पन खराटा धरा म्हटलं तं कोनाचा हात उठत नाई. माह्या म्हाताऱ्याले श्वास नाई घेता आला, तवा तुमची आग चालू होती."

मग मागून एक जण म्हणाला, "तूच धर मंग खराटा."

"धरतो," मी म्हणाले.

आणि धरला. कोणावर उपकार म्हणून नव्हे. बस हवी होती आणि दुसरा कोणताही रस्ता कोणी ठेवला नव्हता. ऊन निघून वाट नीट दिसायला लागली की मी जायची, कारण जाऊ वाघाबद्दल म्हणाली ते खरंच होतं. सिंदीचा खराटा, एक जुनी चादर, पाण्याची बाटली. अकरा झाडांखालचा पाला ओढून ढीग करायचा, चादरीत बांधायचा आणि डोक्यावर घेऊन घरामागच्या शेणखताच्या खड्ड्यात टाकायचा. रोज नवा पाला पडतो, मोहाची गळती आणि पानझड एकाच वेळी चालते. आज झाडलेलं उद्या पुन्हा. माझी कंबर साठीनंतर तशीही कामाची राहिली नाही, आता ती संध्याकाळी सरळ होईना.

मोह वेचायला आलेल्या बाया मला पाहून म्हणायच्या, "कंपनीनं ठेवली का हो तुले?" एक म्हणायची, "इकडं राह्यला थोडा, बाई, इकडं." टिंगल करत होत्या, पण झाडलेल्या जमिनीवरून वेचत होत्या, आणि फुलाला राख लागत नाही हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. आग मात्र लावली नाही कोणी. लावायचं कारणच उरलं नव्हतं.

आठव्या-नवव्या दिवशी जाऊ माझ्या वाटेत येऊन उभी राहिली. मला वाटलं आता ही मदतीला आली.

"माह्या झाडाचा पाला तुह्या खड्ड्यात काऊन नेतं?" ती म्हणाली. "माह्या खड्ड्यात टाक."

तेव्हापासून तिच्या तीन झाडांचा पाला मी तिच्या खड्ड्यात टाकला. तिथं तर आणखी दूर चालावं लागायचं.

पण बस चालली. ओळीनं पाच खेपा. साडेसहाला निघालो, आठच्या आत पोचलो, म्हातारा वेळेवर मशीनवर गेला, वेळेवर उतरला. पायांची सूज ओसरली. पाचव्या खेपेला परत येताना तो ड्रायव्हरला म्हणाला की ही बाई झाडून झाडून तुही बस चालवून राह्यली. ड्रायव्हर हसला नाही. त्यानं फाट्यावर बस थांबवली, म्हाताऱ्याला हात देऊन उतरवलं आणि मला म्हणाला, "बाई, सोमवारपासून बस नाई."

"पुन्हा आग लागली का?"

"नाई. चाचणी संपली."

"म्हंजे?"

"चाचणी चांगली झाली म्हनतात. म्हनून संपली."

मी पिशवी म्हाताऱ्याच्या हातात दिली आणि पंपावर गेले. तो वर्ध्याकडचा माणूस खोलीतलं सामान खोक्यात भरत होता. मशिनी सोडवून मोठ्या शहराजवळच्या महामार्गावर नेणार होते. तिथं ट्रक जास्त, गॅसचा कारखाना जवळ.

"चांगली झाली तं बंद काऊन?"

"चाचणीची मुदतच तेवढी होती, मावशी. सुरुवातीपासून कागदावर होती."

"तुले माहीत होती?"

"महिना माहीत होता. तारीख नव्हती."

"मी झाडून राह्यलो तवा माहीत होतं?"

"होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुम्ही झाडत होत्या म्हणून बस चालत होती. सांगितलं असतं तर तुम्ही थांबल्या असत्या, आणि काकांच्या खेपा तेव्हाच बंद झाल्या असत्या."

त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. तरी मी त्याच्याशी पुढं बोलले नाही. नीट निरोप द्यायला हवा होता असं आता वाटतं, तेव्हा वाटलं नाही.

लोकांना वाटतं मी त्या गॅसच्या विरोधात आहे. मी नाही. वस्तू चांगली होती. तिच्यात माझा म्हातारा ओकला नाही, हे मला कोणत्याही साहेबाच्या भाषणापेक्षा मोठं आहे. धूर न सोडणारी गाडी आमच्यासारख्या ठिकाणी नीट चालू शकते हे मी स्वतः बसून पाहिलं. राग त्याचाच आहे. वाईट असती तर गेली म्हणून दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. चांगली आणून दाखवली, तिच्या वेळेवर एका माणसाचा जीव टांगला, आणि कागदावर मुदत होती म्हणून उचलून नेली. आम्ही त्यांच्या चाचणीत होतो, पण आमची चाचणी कुठं लिहिली गेली ते मला माहीत नाही. सरपंचाला घेऊन मी दोन ठिकाणी विचारायला गेले. दोन्ही ठिकाणी चहा दिला. बस पुन्हा कधी, या प्रश्नावर दोन्ही ठिकाणी सांगितलं की पुढच्या टप्प्यात. टप्पा कुठून कुठपर्यंत असतो ते कोणी सांगितलं नाही.

पुढच्या मंगळवारी जीप. साडेआठ. त्या दिवशी मी सिस्टरला विचारलं की दुपारच्या पाळीत नाव घालता येईल का, म्हणजे आम्हाला नंतरची एसटी धरता येईल. ती म्हणाली, दुपारची यादी भरलेली आहे, कोणी कमी झालं तर सांगते. शुक्रवारी पुन्हा जीप, पुन्हा उशीर. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर सूज यायला लागली. घरी परत आल्यावर तो म्हणाला, "आता नाई जाचं मले." मी म्हटलं, नको जाऊ, पण मग कुठं जाशील ते मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे. मंगळवारी तो मुकाट्यानं उठला.

असे तीन आठवडे गेले. मग एका शुक्रवारी उशिरा पोचूनही म्हाताऱ्याला दुपारी मशीन मिळाली आणि मी बाहेर बाकावर बसले होते, तेव्हा सिस्टर स्वतः बाहेर आली. म्हणाली, पुढच्या मंगळवारपासून तुम्ही दुपारी एकला या.

"जागा कशी झाली?" मी विचारलं.

"दुपारच्या पाळीतले एक मास्तर होते. ते परवा गेले."

मास्तर मला आठवत होते. उशीर झालेल्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत बाकावर असायचो तेव्हा ते यायचे, सोबत आणलेला पेपर मोठ्यानं वाचायचे, आणि कोणाला ऐकायचं नसलं तरी वाचायचे.

मी आत जाऊन म्हाताऱ्याला सांगितलं. त्यानंही तेच विचारलं, जागा कशी झाली म्हणून. मी मास्तरांचं सांगितलं. त्यानं नळीतून जाणाऱ्या रक्ताकडे पाहिलं.

मग म्हणाला, "मंगळवारी जेवूनच निघता येईन मंग."

"येईल," मी म्हणाले, आणि त्याच्या पायावरची चादर नीट केली.